शेवटचं मूल घरी जाईपर्यंत

प्रश्न : ताई, नमस्कार. शाळा सुटल्यावर लहान मुलांना सांभाळणाऱ्या वर्गाची जबाबदारी चार महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली. ४ ते ८ वर्षांची २८ मुलं आहेत, मी आणि तीन ताया. आठवड्याचं वेळापत्रक मी नीट आखते (सोबत जोडलं आहे) : गोष्ट, हस्तकला, मैदान, गाणी. पण आल्या आल्या अर्धा तास नुसती रडारड आणि ढकलाढकली चालते, गोष्टीला कुणी बसत नाही. संध्याकाळी एका मुलाचे बाबा रोज अर्धा-पाऊण तास उशिरा येतात, त्यांना काय बोलावं तेही सुचत नाही. माझं कुठं चुकतंय?

उत्तर : वेळापत्रक वाचलं. चांगलंच आहे, गुरुवारचं कागदकाम तर मी उचलणार आहे. पण ते 'गोष्ट' या शब्दापासून सुरू होतं आणि 'गाणी'पाशी संपतं. मूल दारात पाऊल टाकतं तेव्हापासून गोष्टीपर्यंत काय? गाणी संपल्यापासून कुणाचं तरी बोट धरून बाहेर पडेपर्यंत काय? त्याबद्दल कागदावर एक ओळ नाही. २१ वर्षं मी हेच काम केलं, आणि माझ्या हातून ज्या भानगडी झाल्या त्या जवळजवळ सगळ्या या दोन टोकांना झाल्या. मधलं सगळं ताया बघून घेतात हो. टोकं तुमची.

आधी येण्याच्या वेळचं बघू. मूल दिवसभर शाळेत 'शहाणं' राहून आलेलं असतं. गप्प बसलेलं असतं, रांगेत उभं राहिलेलं असतं, लघवी धरून ठेवलेली असते. आपल्याकडे आल्यावर ते सैल सुटतं. बुटाची नाडी सुटत नाही म्हणून जे हंबरडा फोडतं, ते नाडीसाठी रडत नसतं. अशा वेळी त्याला गोल करून बसवून 'आज शाळेत काय काय केलं?' विचारू नका. दप्तर ठेवायचं, पाणी प्यायचं, बाथरूमला जायचं, हात धुवायचे, खाऊ खायचा. पहिली २०-२५ मिनिटं एवढंच. ज्याला जमिनीवर लोळायचंय त्याला लोळू द्या. गोष्ट त्यानंतर.

आता हात धुण्याचा हिशेब करून बघा, मला तो फार उशिरा सुचला. साबणानं नीट धुवायचे तर २० सेकंद नुसते चोळायला लागतात. बाह्या वर करणं, साबण हातातून निसटणं, फेसाचे फुगे करणं धरलं तर एका मुलाला मिनिट जातं. तुमच्याकडे दोन नळ असतील तर २८ मुलांना १४ मिनिटं. म्हणजे शेवटच्या मुलानं भुकेल्या पोटी जवळजवळ पाव तास रांगेत उभं राहायचं, पुढच्याच्या पाठीला नाक लावून. तो ढकलणार नाही तर काय करणार? त्याला खोडकर ठरवण्याआधी रांग मोडा. सहा-सहा जणांनाच नळावर पाठवा, बाकीच्यांसमोर ठोकळे, चित्रं, ओली माती असं काहीतरी आधीच मांडलेलं असू द्या. 'आधीच'ला महत्त्व आहे. मुलं आत आल्यावर कपाट उघडायला गेलात की बाजी हातातून गेली.

तायांना मुलं वाटून देऊ नका, जागा वाटून द्या. एक नळापाशी, एक खाऊपाशी, एक मोकळ्या जागेत. मुलं वाटली की ताई आपल्या वाट्याच्या मुलांमागे सगळ्या खोलीभर पळत राहते आणि नळापाशी कुणीच नसतं. तुम्ही मात्र कुठलीच जागा घ्यायची नाही. तुम्ही दारात, वही हातात. दुसऱ्या हातात काही नको, फोनसुद्धा नको.

वहीवरून आठवलं. पूर्वी मी डोकी मोजायची. मैदानावरून आत येताना २४, खोलीत २४, झालं. एकदा संध्याकाळी अशीच मोजली, २४ भरली, मी निवांत. मग एक आई आल्या आणि त्यांचा मुलगा दिसेना. शोधाशोध झाली तेव्हा तो दप्तरांच्या ढिगामागे स्वेटर उशाला घेऊन गाढ झोपलेला सापडला. मग २४ कशी भरली? दुसऱ्या एका मुलाला न्यायला आलेल्या बाईंची धाकटी मुलगी आमच्या मुलांत मिसळून गाणी म्हणत होती. तिलाच मी मोजलं होतं! त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून आकडा नाही, नाव. आल्यावर, जागा बदलताना, जाताना, प्रत्येक वेळी नाव घ्यायचं, चेहरा बघायचा, मग खूण करायची. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

न्यायला कोण येणार त्यांची नावं पालकांकडून लेखी घ्या, फोटोसह. यादीत नसलेला माणूस आला की पालकांना फोन, मग तो सख्खा मामा असो आणि मूल 'मामा' म्हणून धावत सुटलेलं असो. मामा रागावतात. रागावू देत. तुम्ही हसतमुखानं 'दोनच मिनिटं' म्हणायचं आणि मुलाचा हात सोडायचा नाही. फोन मात्र तुमच्या वहीत लिहिलेल्या नंबरवर करायचा, समोरच्या माणसानं लावून दिलेल्या फोनवर बोलायचं नाही. कुणाला काय औषध चालतं, कशाची ॲलर्जी आहे, तेही त्याच वहीत, पहिल्या पानावर.

राहिले उशिरा येणारे बाबा. दारात बोलू नका. त्या वेळी ते धापा टाकत आलेले असतात, तुम्ही थकलेल्या असता, आणि मूल दोघांच्या मध्ये उभं राहून एकेक शब्द ऐकत असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. 'तुम्ही रोज उशीर करता' असं म्हणू नका, वहीतल्या वेळा वाचून दाखवा : सोमवारी ३५ मिनिटं, मंगळवारी ४०. मग विचारा, या वेळेत दुसरं कोण येऊ शकेल? बहुतेकांकडे कुणीतरी असतं, यादीत घालायचं राहिलेलं असतं. नसलंच, तर जादा वेळेचा नियम लेखी हवा, आणि तो सगळ्या पालकांना सारखाच. तोवर रोज शेवटपर्यंत दोघींनी थांबायचं. एकटीनं थांबायचं नाही, तायांच्या पाळ्या लावा.

आणि त्या मुलाला दाराकडे तोंड करून बसवू नका. त्याच्यासाठी एक काम राखून ठेवा, जे फक्त शेवटी थांबणाऱ्यालाच मिळतं. आमच्याकडे स्केचपेनांना टोपणं लावायचं काम होतं. रंगाला रंग जुळवायचा, वाळलेलं पेन कागदावर ओढून बघायचं, मेलेलं असेल तर वेगळ्या डब्यात. एक मुलगी वडील आल्यावरही 'थांबा, अजून हिरवी राहिलीत' म्हणायची.

प्रश्न : आमच्या वर्गातली ५ वर्षांची एक मुलगी खेळतच नाही. खिडकीपाशी उभी राहून इतरांचा खेळ बघते. ताया तिला हात धरून खेळात ओढतात, मग ती रडते. काय करावं?

उत्तर : ओढणं आजपासून बंद. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून त्याचे प्रकार मांडले. एकट्यानं खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिळून खेळणं, आणि त्यातच एक, नुसतं बघणं. बघणारं मूल रिकामं नसतं. ते प्रश्न विचारतं, शेरे मारतं, मनातल्या मनात नियम पाठ करतं. तुमची मुलगी कुणाकडे बघते, कधी हसते, हे आठवडाभर टिपून ठेवा. ज्या खेळाला ती हसते, तेच सामान खिडकीपासून हातभर अंतरावर मांडून ताईनं एकटीनं खेळत बसावं. बोलवायचं नाही. 'अगं बाई, हा तुकडा कुठं बसतो बरं?' असं स्वतःशीच पुटपुटावं, आणि तुकडा मुद्दाम चुकीच्या जागी लावावा.

ती कुणाशीच बोलत नसेल, घरीसुद्धा नजर टाळत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर मात्र आईवडिलांशी बोला आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. नुसतीच खिडकीपाशी उभी राहत असेल, तर खिडकीजवळ तिच्यासाठी एक स्टूल ठेवा.