"सगळं पाठ आहे हो मॅडम, पण पेपरात येत नाही"

"घरी विचारा, घडाघडा म्हणतो, पेपर समोर आला की ब्लँक." हे मी इतक्या आईबाबांकडून ऐकलंय, संस्कृतवाले, केमिस्ट्रीवाले, आणि हल्ली व्हिडिओ कॉलवर परदेशातलेही, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा जर्मनीत सहावीत. तिथे गिम्नाझियममध्ये (म्हणजे तिथल्या माध्यमिक शाळेत, व्यायामशाळेत नव्हे) दुसरी परकी भाषा घ्यावी लागते, तर आईने फ्रेंचऐवजी लॅटिन घ्यायला लावलं, कारण तिला स्वतःला शाळेत संस्कृतला पैकीच्या पैकी. "विभक्त्याच तर आहेत, आपल्याला काय अवघड!" आणि लागोपाठ पाच आले. (तिकडे एक म्हणजे सगळ्यात भारी आणि सहा सगळ्यात वाईट, तेव्हा पाच म्हणजे गेलाच.)

"पेपर हातात आला की आधी काय करतोस?"
"कोपऱ्यात टेबल लिहितो. पूर्ण."
"मग?"
"मग वेळ जातो."

त्याने वही कॅमेऱ्यासमोर धरली. समासात बारीक पेन्सिलीत विभक्त्यांच्या शेवटांचं टेबल, आ, आए, आए, आम, आ, त्याखाली उस, ई, ओ, उम, ओ, सगळं बरोबर हो, आणि खाली गाळलेल्या जागा खोडून खोडून कागद पारदर्शक झालेला. रोज रात्री आई टेबल म्हणून घ्यायची, मधे अडखळला की परत पहिल्यापासून. म्हणजे साती आठे विचारलं की सात एके सातपासून सुरू करणाऱ्या मुलासारखं झालं होतं त्याचं. टेबल ओळीने येत होतं, मधलं एक घर नेमकं उचलता येत नव्हतं, आणि एक्सरसाइजला तर तेवढंच लागतं.

पण खोडायचा का इतका? मी समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या घराण्यातली, म्हणजे जे घडतं त्यापेक्षा त्याबद्दल आपण मनात पक्के करून ठेवलेले नियम जास्त छळतात असं मानणारी, त्यामुळे मी चुकीपेक्षा तिच्यामागचा नियम शोधते. मला लॅटिन येत नाही, सो त्यालाच म्हटलं, तू शिकव मला. 'चांगला शेतकरी' लिहून दाखव. त्याने लिहिलं, अग्रिकोला बोना. उत्तर हवं होतं अग्रिकोला बोनुस.

"बोना का लिहिलंस?"
"शेवट सारखा पाहिजे ना मावशी. पुएला बोना, चांगली मुलगी, तसं."
"असं टीचर म्हणाल्या?"
बराच वेळ गप्प. "नाही... मलाच वाटलं."

इथेच थांबले मी. विशेषण नामाच्या लिंग, वचन आणि विभक्तीला जुळतं, नामाच्या शेवटच्या आवाजाला नाही; अग्रिकोला पुल्लिंगी, म्हणून बोनुस. त्याने मात्र स्वतःच यमकाचा नियम केला होता, आणि उत्तर चूक आलं की नियमावर शंका न घेता स्वतःवर घ्यायचा. म्हटलं, बरं, मराठीत 'शेतकरी'च्या शेवटी काय? "ई." मग 'चांगली शेतकरी' म्हणतोस का बाबांच्या मित्राला? फिस्सकन हसला, आणि हसता हसता स्वतःच सुरू झाला, "मावशी, नाउटा म्हणजे खलाशी, पोएटा म्हणजे कवी, सगळ्यांना ई आहे! चांगला खलाशी! चांगला कवी!" लॅटिनमध्ये शेवट बायकी दिसणारे पुरुष आणि मराठीतही नेमके तेच तिघे, हे मलासुद्धा तेव्हाच दिसलं, आणि खरं सांगू, त्या दिवशी स्वतःवर जाम खूश होते मी.

मग 'चांगल्या शेतकऱ्याला' कसं म्हणशील विचारलं तर हळूहळू, पण न खोडता लिहिलं: अग्रिकोलाए बोनो. शेवट वेगळे, तरी जोडी बरोबर.

आता आईबाबांसाठी, कारण खरं काम तुमचंच आहे. टेबल एकदा नीट कळलं की रोज म्हणून घेणं बंद करा. त्याऐवजी मिसळलेली पाच-सहा वाक्यं द्या, वही बंद ठेवून, एकाच प्रकारची पानभर नकोत कारण तिसऱ्या ओळीनंतर डोकं बंद करून हात चालतो. शेवट लिहायच्या आधी मुलाने तोंडाने सांगायचं: हा शब्द पुरुषी, बायकी की नपुंसक, एक की अनेक, आणि वाक्यात याचं काम काय. हे तिसरं महत्त्वाचं, कारण पुएलाए म्हणजे 'मुलीचं', 'मुलीला' किंवा 'मुली' काहीही असू शकतं, टेबलात बघून ते कधीच कळणार नाही, वाक्यच वाचावं लागतं. चुकलं तर खोडू देऊ नका, एक रेघ मारून बाजूला लिहायला सांगा की लिंग चुकलं, वचन चुकलं की काम ओळखायला चुकलं. ह्याच्या बहुतेक चुका एकाच जातीच्या निघाल्या. 'मला काहीच येत नाही' म्हणणाऱ्या मुलाला 'मला अग्रिकोलासारखे चार-पाच शब्द नडतात' असं म्हणता आलं की अर्धी भीती जाते, बाकी अर्ध्यासाठी सराव लागतोच, त्याला इलाज नाही. आणि प्लीज, "किती पडले" हा पहिला प्रश्न नको.

पुढच्या पेपरात टेबल काढलं नाही त्याने, तीन आला. आईचा मेसेज लगेच, "मॅडम, तीनच?" तिच्याशी आता वेगळं सेशन ठेवलंय.