लाकडी चॉपिंग बोर्डला दर आठवड्याला तेल लावूनही तो वाकला आणि चिकट झाला, काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की हाताने बनवलेला बोर्ड दोन महिन्यांतच ओट्यावर डुगडुगायला लागला, हाताला चिकट लागतो, वास मारतो. आणि तुम्ही तर दर आठवड्याला वरून सूर्यफुलाचं तेल लावताय. मी हौस म्हणून असे बोर्ड बनवतो. माझा पहिला बोर्डही असाच गेला, त्यामुळे चित्र डोळ्यांसमोर आलं.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. डुगडुगण्याचं कारण तुमच्याच वाक्यात आहे: ‘वरून’ तेल लावताय. लाकूड कापलं, रंधलं, पॉलिश केलं तरी हवेतली आणि ओट्यावरची ओल शोषतच राहतं. ओल लागली की ते रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. धुऊन आडवा ठेवलेला बोर्ड वरून वाळतो, खालून ओलाच राहतो. खालची बाजू फुगते, वरची आकसते, मग कडा वर येतात आणि बोर्ड पोटावर टेकतो. त्यात तेल फक्त वर, म्हणजे खालच्या बाजूला पाणी प्यायला मोकळीक. दोन्ही बाजू आणि कडा यांना सारखं तेल लागलं पाहिजे, आणि धुतला की पुसून कडेवर उभा करायचा. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

आत्ताचा वाक बऱ्याचदा काढता येतो. वाटीसारखी खोलगट झालेली बाजू ओलसर फडक्यावर पालथी ठेवा, फुगीर बाजू वर उघडी. मधूनमधून सपाट जागेवर ठेवून बघत राहा, कारण जास्त वेळ ठेवलात तर उलटा वाकेल. उन्हात मात्र ठेवू नका, चीर पडते. माझा तसाच फाटला. ‘टक्’ असा आवाज आतल्या खोलीत ऐकू आला होता.

आता चिकटपणा. सूर्यफुलाचं तेल हवेत धड सुकत नाही आणि धड तेलही राहत नाही. त्याची चिकट साय धरते आणि ते खवट होतं. तो वास त्याचाच. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि खाण्याचा सोडा घेऊन घासा, उभा करून दोन दिवस वाळू द्या, मग १२० नंबरचा आणि त्यानंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने फिरवा. बोटाला चिकट लागेनासं होईपर्यंत थांबू नका.

नंतर लिक्विड पॅराफिन, म्हणजे औषधाच्या दुकानात पोट साफ होण्यासाठी मिळतं तेच खनिज तेल. स्वाद घातलेलं किंवा दुधाळ नको, निव्वळ हवं. ते खवट होत नाही. भरपूर चोपडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी उरलेलं पुसून काढा. पहिल्यांदा तीन-चार हात द्यावे लागतात; शेवटाकडचं लाकूड, जिथे रेषांची तोंडं दिसतात, ते तर अधाशासारखं पितं. मधमाश्यांचं मेण असेल तर एक भाग मेण आणि चार भाग तेल मंद आचेवर विरघळवून वरून चोळा. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे भांडं गरम पाण्यात ठेवलं तरी पुरे.

जवसाचं तेल मात्र खरोखर सुकून कडक होतं, तेही चालतं. पण हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवस तेल नको, त्यात बहुतेक वेळा धातूंचे ड्रायर, म्हणजे तेल लवकर सुकवणारी धातूंची संयुगं असतात. आणि जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं.

दर आठवड्याला तेल लावायची गरज नाही. पाण्याचे चार थेंब टाका. मण्यांसारखे उभे राहिले तर सोडून द्या, पसरून डाग पडला तर तेलाची वेळ झाली.

डिशवॉशर आणि भिजत ठेवणं कायमचं बंद. कांद्या-लसणाचा वास जायला जाडं मीठ आणि अर्धं लिंबू चोळा, पाच मिनिटांनी धुवा. लाकूड प्लॅस्टिकपेक्षा अस्वच्छ असतं हे सरसकट खरं नाही. सुरीच्या चरांनी भरलेलं जुनं प्लॅस्टिक धुणंही अवघडच असतं. तरी कच्च्या मांसाला मी वेगळाच बोर्ड ठेवतो.

आणि बोर्ड अनेक पट्ट्या जोडून केलेला असेल तर आधी जोड उजेडाकडे धरून बघा. पलीकडचा उजेड दिसला तर तेल लावत बसू नका, बनवणाऱ्याकडे परत न्या.