सेट, सेटल आणि आपलं बसणं

भाचीने विचारलं आहे: बडोद्यात सगळे सर्रास म्हणतात, 'छोकरो केनेडामां सेट थई गयो'. घरात मराठीतही आपण 'मुलगा सेट झाला' असंच म्हणतो. इंग्रजीच्या वहीत मात्र सरांनी 'सेट' खोडून 'सेटल्ड' केलं. असं का? आणि या एका शब्दाला इतके अर्थ आले कुठून?

सरांनी केलं ते योग्यच. माणूस एखाद्या गावी स्थिरावला की इंग्रजीत सेटल्ड. पण तुझा कानही फार चुकलेला नाही, कारण हे दोन्ही शब्द एकाच घरातले. जुन्या इंग्रजीत 'सिट्टन' म्हणजे बसणे आणि त्याचं प्रयोजक रूप 'सेट्टन' म्हणजे बसवणे. 'सेट्ल' म्हणजे बसायची जागा, आणि त्यावरून सेटल. सेट म्हणजे मुळात बसवणे, एवढं धरून ठेवलंस की अर्धी वाट सरली.

आता मराठी बघ. सराफ अंगठीत खडा बसवतो, डॉक्टर निखळलेलं हाड बसवतात. दोन्हीकडे इंग्रजीत सेटच. पाण्यात गाळ बसतो, तिथे सेटल. मला याचं फार अप्रूप वाटतं, कारण बसणे आणि सेट यांचं मूळ एक नाही. संस्कृत उपविश् पासून बैसणे आणि त्याचं बसणे झालं. सेटचा संस्कृतातला भाऊबंद सद् हा धातू. सभासद, परिषद, उपनिषद यांत तो आहे. घराणी वेगळी, तरी दोन्ही भाषांनी बसण्यावरून तेच अर्थ काढले.

सगळीकडे मात्र जमत नाही. गजर आपण लावतो, सापळाही लावतो, दही लागतं, परीक्षेचा पेपर काढतात, पानं मांडतात. इंग्रजीला या सगळ्याला सेट पुरतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत या क्रियापदाचे ४३० अर्थ दिले होते. आपल्याच बडोद्यात १९३१ मध्ये सयाजीरावांच्या काळी 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला, आठ भाषांत कारभाराच्या शब्दांना प्रतिशब्द देणारा. पदं, खाती, दस्त यांची नावं अशी शेजारी शेजारी मांडता येतात. सेटसमोर एकच मराठी शब्द लिहायला गेलं तर कोणीही अडेल. उलटही तसंच: गळा बसतो, धंदा बसतो, धक्का बसतो, नवरात्रात घट बसतात, यांतलं काहीच सेटने सांगता येत नाही.

आणि सूर्य? तो सेट होतो म्हणजे बसतोच. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेट्लगांग' म्हणत, आसनाकडे जाणं. दिवसभर चालून आलेला सूर्य संध्याकाळी टेकतो, ही कल्पना मला आपल्या मावळण्याइतकीच गोड वाटते.

तेव्हा वहीत सेटल्ड लिही. घरी बोलताना 'त्याचा कॅनडात जम बसला' म्हणून बघ. त्यात बसणं आहेच.

राहिला चहाचा सेट. हे नाम निराळ्या वाटेने आलं आहे: लॅटिन 'सेक्ता', तिथून जुनी फ्रेंच, मग इंग्रजी. सेक्ताच्या मुळाशी 'मागोमाग जाणे' हा अर्थ आहे. पुढे मात्र क्रियापदाची छायाही या नामावर पडली. त्या लॅटिन धातूचं संस्कृतातलं भावंड म्हणजे सच्, सोबत असणे. आपला सचिव त्यातलाच.