स्क्रिप्ट चालू आहे की अडकलीय?

४०,००० फायलींवर स्क्रिप्ट सोडायची, काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचं आणि धीर सुटला की कंट्रोल-सी दाबून ती बंद करायची. मीही हे केलंय, तेही काम संपत आलेलं असताना!

त्यापेक्षा काम कुठवर आलं ते स्क्रिप्टलाच दाखवू दे. पायथॉनमध्ये प्रत्येक फेरीला नवी ओळ छापू नकोस, एकच ओळ जागच्या जागी बदल. मजकुराआधी बॅकस्लॅश आर टाकलास की कर्सर त्याच ओळीच्या सुरुवातीला जातो. प्रिंटमध्ये एंड (ओळीच्या शेवटी काय छापायचं ते) रिकामा ठेव आणि फ्लश (मजकूर लगेच स्क्रीनवर पाठव) ट्रू कर. नवखे हा फ्लशच विसरतात. ओळ संपली नाही तर पायथॉन मजकूर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवतो आणि शेवटी सगळं एकदम ओकतो. आणखी एक गंमत: आधी 'उरले १०००' छापलं, मग 'उरले ९९९', तर जुनं शून्य शेपटीला तसंच राहतं आणि दिसतं ९९९०. शेवटी दोन-चार स्पेस जोड.

ही ओळ स्टँडर्ड एररवर, म्हणजे नेहमीच्या आउटपुटपेक्षा वेगळ्या संदेशांच्या वाटेने पाठव, नाहीतर आउटपुट फायलीत वळवलंस की त्यात कचरा जातो. फेऱ्या झटपट होत असतील तर शंभरातून एकदा दाखव, छापायलाही वेळ लागतोच.

आयतं हवं तर टीक्यूडीएम आहे, प्रगतीची पट्टी दाखवणारी पायथॉनची लायब्ररी. पण त्याला जनरेटर (एकेक गोष्ट मागेल तशी देणारा) दिलास तर लांबी कळत नाही, पट्टी येत नाही, नुसता आकडा आणि वेग दिसतो. एकूण किती फेऱ्या, ती टोटल तूच सांग. ते दाखवतं त्या उरलेल्या वेळेवर मात्र विसंबू नकोस; मोठ्या फायली शेवटी असल्या तर त्याची 'दोन मिनिटं' पाऊण तास चालतात.