आधी दोन पानं लिही

प्रिय,

तुझा मेल आणि सोबतची यादी दोन्ही वाचली. इंटर्नशिपसाठी सव्वीस ठिकाणी अर्ज, आणि बहुतेकांकडून साधी पोचसुद्धा नाही. बायोडेटात खोट काढण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच, की सव्वीसच्या सव्वीस ठिकाणी तोच गेलाय.

यादीत पहिलं नाव संयुक्त राष्ट्रांचं आहे, म्हणून आधी त्याचं बोलते. तिथल्या सचिवालयाची इंटर्नशिप साधारण दोन ते सहा महिन्यांची. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना किंवा त्यापुढचं शिकणाऱ्यांना ती मिळते. शिक्षण संपलं असेल तर पदवीनंतर वर्षभराच्या आत रुजू व्हावं लागतं. ‘आधी थोडा अनुभव घेऊ, मग बघू’ म्हणत दोन वर्षं काढलीस, तर ते दार बंद. शिवाय ती बिनपगारी. प्रवास, व्हिसा, राहणं, विमा, सगळं आपल्या खिशातून. २०१५ साली जिनिव्हात एक इंटर्न तंबूत राहतो, ही बातमी जगभर गाजली होती. तंबू लक्ष वेधण्यासाठी मुद्दाम ठोकला होता, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. पण म्हणून त्या शहरातली भाडी काही उतरली नाहीत.

त्याच जिनिव्हातली आंतरराष्ट्रीय श्रम संघटना मात्र इंटर्नना भत्ता देते. युरोपियन कमिशनची पाच महिन्यांची ट्रेनीशिप आहे, मार्च आणि ऑक्टोबरमध्ये तुकड्या सुरू होतात, तीही भत्त्यासह. तेव्हा यादीत एक रकाना वाढव: पैसे देतात की नाही. हे विचारण्यात कमीपणा नाही. घरचे पोसू शकतात अशांनीच जगाचं राजकारण शिकावं, असा नियम कुणी केलेला नाही. उलट तुझ्याकडेच कुणी पैसे मागितले, अर्जाचे, मुलाखतीचे, ‘प्रशिक्षणा’चे, तर तिथून निघ. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर फी घेत नाहीत.

आता खरं काम कुठे असतं ते सांगते. रिलीफवेब या मदतकार्याच्या संकेतस्थळावर रोज नव्या जागा पडतात, त्या बघ. मुदत गेलेल्याही वाच, कारण कुठल्या कामाला माणसं लागतात हे त्यातूनच कळतं. पण चार-पाच माणसांच्या संस्थांकडे बहुधा इंटर्नशिपची जाहिरातच नसते. त्यांच्याकडे असतो देणगीदाराला पाठवायचा अर्धवट अहवाल आणि तो पुरा करायला नसलेला वेळ. संस्थेचा गेल्या वर्षीचा अहवाल काढ, पैसा कुठून येतो आणि कशावर खर्च होतो ते बघ, आणि ज्याच्या नावावर तो प्रकल्प आहे त्यालाच लिही.

काय लिहायचं? ‘मला आंतरराष्ट्रीय संबंधांची प्रचंड आवड आहे’ हे वाक्य आधी खोड. अर्ज वाचायच्या बाजूला मी बरीच वर्षं बसले आहे. ती आवड सगळ्यांनाच असते. त्याऐवजी कामाचा नमुना जोड. दोनच पानं.

उदाहरण देते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत २००८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाचा आळीपाळीने आढावा होतो. बाकीचे देश त्याला शिफारशी करतात. एक देश घे, एकच शिफारस घे. कागदपत्रं सगळी खुली आहेत. त्यात तुला दिसेल, की देश सहसा शिफारस ‘फेटाळली’ असं म्हणत नाही. एक तर ती मान्य करतो, नाहीतर तिची ‘नोंद घेतो’. नोंद घेतली म्हणजे मान्य केली नाही, हे उमगायला मला बरेच दिवस लागले होते! मग शोध: मान्य केलेल्या शिफारशीचं पुढे झालं काय? कायदा झाला का, निधी ठेवला का, की सगळं कागदावरच राहिलं? एवढं दोन पानांत आलं, तर वाचणाऱ्याला कळतं की या व्यक्तीला कागद वाचता येतो.

माझ्या पहिल्या इंटर्नशिपमध्ये मला बैठकीचं इतिवृत्त लिहायला सांगितलं. कोण काय म्हणालं ते सगळं टिपून तीन पानं दिली, आणि मनातून खूशही होते. साहेबांनी ती परत केली, वर पेन्सिलने एक ओळ: ‘कोणी, काय, कधीपर्यंत करायचं ठरलं?’ दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा ते सहा ओळींत बसलं. वर्गात वर्षभर शिकलेले सिद्धांत त्या दिवशी काही कामाला आले नाहीत.

लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाचं विचारलं होतंस. जरूर जा. पत्रांना उत्तरं, फोन, समितीच्या बैठकीआधीची टिपणं. कामाला झगमगाट नाही, पण निर्णय कुठे अडतो हे तिथून दिसतं. मात्र पक्षाचं काम केलंस तर ते बायोडेटातून लपवू नकोस. निवडणूक निरीक्षणासारख्या कामात निष्पक्षपणा हेच भांडवल असतं, ते विचारतील. लपवलेलं सापडलं तर मूळ कामापेक्षा ते जास्त महागात पडतं.

भाषेचंही बघ. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा, तुझ्याकडे सध्या इंग्रजी. फ्रेंच आत्ताच सुरू केलीस तर बरं. परीक्षेपुरती नको, अहवाल वाचता येईल इतकी.

पुढच्या रविवारपर्यंत नवा अर्ज कुठेही पाठवू नकोस. देश आणि शिफारस निवडून मला कळव. दोन पानं झाली की कच्चीच पाठव. पेन्सिल माझ्याकडेही आहे.

तुझी,
ताई