स्टार वॉर्सच्या ‘लेजेंड्स’ ठरवलेल्या जुन्या कादंबऱ्या आता वाचण्यात अर्थ आहे का?

आपला प्रश्न असा आहे की स्टार वॉर्सचे सगळे चित्रपट पाहून झाले आहेत, आता कादंबऱ्यांकडे वळावेसे वाटते, परंतु २०१४ मध्ये जुन्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून वगळल्याचे समजल्यामुळे त्या वाचून काय उपयोग, आणि वाचायच्याच तर सुरुवात कोठून करावी. माझ्या मते त्या अवश्य वाचाव्यात, कारण या विश्वातले सर्वांत चांगले गद्यलेखन बहुतांशी त्या वगळलेल्या पुस्तकांतच आहे. कोणती कथा अधिकृत हे ठरवण्याचा अधिकार हक्कधारक कंपनीचा आहे आणि तो तिने वापरला. वाचकाने मात्र एवढेच पाहावे की पडद्यावर जे दाखवता येत नाही, असे काही हे पुस्तक करते का.

आधी २०१४ मध्ये नेमके काय झाले ते सांगतो. डिस्नेने ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे चार अब्ज डॉलरना लुकासफिल्म ही स्टार वॉर्सची निर्मिती करणारी कंपनी विकत घेण्याची घोषणा केली आणि त्याच वेळी नवे चित्रपट येणार हेही जाहीर झाले. ते चित्रपट ‘रिटर्न ऑफ द जेडाय’नंतरच्या काळात घडणार होते, आणि नेमका तोच काळ कादंबऱ्यांनी आधीच भरून टाकला होता: मूळ चित्रपटांचा नायक ल्यूक याचे लग्न झाले होते, त्याचा मित्र हान आणि बहीण लेया यांना तीन मुले होती, हानचा सोबती च्युबाका मरण पावला होता. शंभराहून अधिक पुस्तकांतील घटनांचे ओझे वाहत कोणीही चित्रपट लिहू शकला नसता. म्हणून २५ एप्रिल २०१४ रोजी असे घोषित करण्यात आले की त्या वेळचे सहा चित्रपट आणि ‘द क्लोन वॉर्स’ ही मालिका तेवढी अधिकृत राहील, आणि आधीच्या कादंबऱ्या ‘लेजेंड्स’ या नावाखाली छापल्या जातील. हा निर्णय मला समजतो. जी गोष्ट अजूनही खटकते ती ही, की पंचवीसेक वर्षे चालत आलेल्या कथेला समारोपाचे एक पुस्तकही मिळाले नाही. ज्या वाचकांनी ल्यूकला तरुणपणापासून साठीपर्यंत सोबत केली, त्यांची कथा एका साहसाच्या शेवटी नुसतीच थांबली.

या कादंबऱ्या आधी पूर्णपणे ‘खऱ्या’ होत्या आणि नंतर ‘खोट्या’ ठरल्या, असा समज मात्र करून घेऊ नये. त्यांचे स्थान पहिल्यापासून दुय्यमच होते. २००० सालापासून लुकासफिल्ममध्ये लीलँड ची हे सर्व तपशिलांची एक अंतर्गत नोंदसूची सांभाळत असत आणि तिच्यात कथांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. जॉर्ज लुकास यांचे चित्रपट सर्वांत वर, कादंबऱ्या त्यांच्या खाली, आणि विरोध आला की चित्रपट जिंकणार, असा तो नियम होता. टिमोथी झान यांच्या १९९१च्या कादंबरीतून क्लोन युद्धांचे जे चित्र मनात उभे राहते, त्याचा २००२च्या चित्रपटाशी मेळ बसत नाही, आणि तो बसवण्यासाठी पुढच्या लेखकांना बरीच कसरत करावी लागली. म्हणजे या पुस्तकांचे वाचक नेहमीच तात्पुरत्या जमिनीवर उभे होते आणि तरीही मनापासून वाचत होते.

मराठी वाचकाला हे अवघड जाऊ नये. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ किंवा शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ वाचताना त्यातला प्रत्येक प्रसंग महाभारतात सापडतो का, हे तपासत आपण बसत नाही, कारण मूळ कथेने न सांगितलेले मन ती कादंबरी उघडून दाखवते. फरक एवढाच की महाभारत सर्वांचे आहे आणि स्टार वॉर्सला मालक आहे, त्यामुळे येथे एका घोषणेने पुस्तकाचा दर्जा बदलू शकतो. पुस्तकाची प्रत मात्र त्याने बदलत नाही.

या परंपरेचा आरंभ चित्रपटाच्याही आधी झाला. पहिला चित्रपट मे १९७७ मध्ये आला आणि त्याचे कादंबरीरूप १९७६च्या अखेरीस बाजारात होते. मुखपृष्ठावर लुकास यांचे नाव असले तरी लेखन अ‍ॅलन डीन फॉस्टर यांचे होते. त्यांनीच १९७८ मध्ये ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ लिहिली. चित्रपट फारसा चालला नाही तर कमी खर्चात दुसरा भाग काढता यावा, या हेतूने ती रचलेली होती. म्हणून तिचे कथानक धुक्याने भरलेल्या एका ग्रहावर घडते, आणि हॅरिसन फोर्ड पुढच्या चित्रपटासाठी करारबद्ध नसल्यामुळे तिच्यात हान सोलो नाही. ल्यूक आणि लेया ही भावंडे आहेत हे तेव्हा ठरलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्यातील ओढ आज वाचताना अवघडल्यासारखे होते. कुतूहल म्हणून ती वाचावी, आरंभ म्हणून नव्हे.

आरंभ टिमोथी झान यांच्या ‘एअर टू द एम्पायर’ या त्रयीतल्या पहिल्या कादंबरीपासून करावा, असे मी आग्रहाने सांगेन. ही कादंबरी मे १९९१ मध्ये आली तेव्हा शेवटचा चित्रपट येऊन आठ वर्षे झाली होती, मार्व्हलची चित्रकथामालिका १९८६ मध्ये बंद पडली होती, आणि या विश्वाचे नाव प्रामुख्याने वेस्ट एंड गेम्सच्या भूमिकाखेळामुळे टिकून होते. झान हे तोपर्यंत ह्यूगो पुरस्कार मिळालेले विज्ञानकथाकार होते. संदर्भासाठी त्यांना त्या खेळाचीच पुस्तके देण्यात आली, आणि खेळासाठी तयार झालेले पुष्कळ तपशील त्या वाटेने कादंबऱ्यांत आले. पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्यानंतर या कादंबऱ्यांचा ओघ सुरू झाला.

या यशाचे श्रेय ग्रँड अ‍ॅडमिरल थ्रॉन या पात्राला द्यावे लागते. चित्रपटांतील खलनायक भीती निर्माण करतात, थ्रॉन मात्र विचार करताना दिसतो. निळ्या कातडीचा, लाल डोळ्यांचा हा सेनापती शत्रूच्या चित्र-शिल्पांचा अभ्यास करतो आणि त्या कलेतून त्या समाजाच्या मनाला काय पेलवत नाही हे ओळखून डावपेच आखतो. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात तो याच पद्धतीने एक चकमक जिंकतो, आणि हे सगळे आपल्याला कॅप्टन पेलियॉन या त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याच्या नजरेतून दिसते, त्यामुळे थ्रॉनच्या डोक्यात काय चालले आहे याचा अंदाज बांधत आपणही वाचत राहतो. त्याच्या स्वभावाचे मला सर्वांत आवडणारे दर्शन दोन प्रसंगांत घडते. पहिल्या पुस्तकात जहाज ओढून धरणाऱ्या किरणयंत्रावरील एका सैनिकाच्या हातून ल्यूक निसटतो. तो सैनिक दोष दुसऱ्यावर ढकलू पाहतो आणि थ्रॉन त्याला जागच्या जागी ठार करवतो. तिसऱ्या पुस्तकात तसाच प्रसंग पुन्हा येतो, पण या वेळच्या सैनिकाने अपयश आले तरी नवा उपाय करून पाहिलेला असतो, आणि थ्रॉन त्याला बढती देतो. दोन पुस्तकांच्या अंतराने ठेवलेली ही जोडी वाचकाच्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवते, आणि दोन तासांच्या चित्रपटात तिला जागा मिळणे कठीण.

याच त्रयीत मारा जेड येते. ती पूर्वी सम्राटाची गुप्त हस्तक होती आणि ल्यूकला ठार मारण्याची मृत सम्राटाची शेवटची आज्ञा अजून तिच्या डोक्यात घुमत असते. परिस्थिती तिला त्याच ल्यूकबरोबर जंगलातून चालायला लावते. आपण हरलेल्या बाजूचे होतो, या जाणिवेसह जगणाऱ्या माणसाचे हे चित्रण मूळ तीन चित्रपटांत कोठेच नव्हते. तिला आजवर कोणत्याही चित्रपटात स्थान मिळालेले नाही, याची खंत माझ्यासारख्या अनेक वाचकांना आहे.

झान यांच्यानंतरच्या नव्वदच्या दशकातील सगळीच पुस्तके या तोडीची नाहीत. दर काही पुस्तकांनी साम्राज्याचे उरलेसुरले सरदार नवे महाअस्त्र शोधून काढतात, कधी सूर्य फोडणारे छोटे यान, कधी ग्रह नष्ट करणाऱ्या डेथ स्टारचीच नवी आवृत्ती, आणि संकट जितके मोठे होत जाते तितका त्याचा परिणाम बोथट होतो. केव्हिन जे. अँडरसन यांची ‘जेडाय अकॅडमी’ त्रयी मला या दोषामुळे कंटाळवाणी वाटली. उलट मायकल स्टॅकपोल आणि अ‍ॅरन ऑलस्टन यांची १९९६ पासूनची ‘एक्स-विंग’ मालिका मुद्दाम वाचावी. तिच्या केंद्रस्थानी वेज अँटिलीस आणि त्याचे वैमानिक आहेत, म्हणजे चित्रपटांत मागच्या रांगेत बसलेली माणसे. बंडखोर राजधानी जिंकतात तेव्हा साम्राज्याने तेथे एक रोग सोडलेला असतो. तो मानवांना होत नाही, इतर जमातींना होतो, आणि त्याच्या औषधाचा खर्च नव्या सरकारचे कंबरडे मोडू लागतो. चित्रपट विजयाच्या जल्लोषात संपतो, आणि ही पुस्तके त्या जल्लोषाच्या दुसऱ्या दिवशीचा हिशेब मांडतात.

‘न्यू जेडाय ऑर्डर’ या १९९९ ते २००३ या काळातील एकोणीस कादंबऱ्यांच्या मालिकेबद्दल चाहत्यांत आजही दोन तट आहेत. तिच्या पहिल्याच पुस्तकात, आर. ए. साल्वातोरे यांच्या ‘व्हेक्टर प्राइम’मध्ये, एका ग्रहावर चंद्र कोसळतो आणि हानच्या धाकट्या मुलाला वाचवताना च्युबाका मागे राहतो. वाचक तेव्हा विलक्षण संतापले होते. माझ्या मते तो मृत्यू आवश्यक होता, कारण मुख्य पात्रांना काहीच होत नाही ही खात्री तोवर प्रत्येक कथेतला ताण घालवत होती. पुढे जेम्स लुसेनो यांच्या पुस्तकात मित्र गमावलेला हान स्वतःच्या मुलाशीही धड बोलू शकत नाही, घरापासून दूर पळतो. इतक्या हट्टी शोकाचे चित्रण मी या विश्वात अन्यत्र वाचलेले नाही. मालिका लांबली आहे आणि मधली काही पुस्तके निव्वळ भरताड आहेत, हेही सांगायला हवे. पण मॅथ्यू स्टोव्हर यांची ‘ट्रेटर’ ही २००२ची कादंबरी एकटीच सगळे परिश्रम सार्थ करते. तिच्यात हानचा थोरला मुलगा जेसन शत्रूच्या कैदेत आहे, आणि त्याला छळणारी व्हर्जेअर त्याला शिकवते आहे की मोडते आहे, हे शेवटपर्यंत ठरवता येत नाही. प्रकाश आणि अंधार या चित्रपटांतल्या सोप्या वाटणीला तिने दिलेला धक्का आजही ओसरलेला नाही.

‘वगळलेल्या’ या पुस्तकांतून अधिकृत कथेत किती गोष्टी परतल्या हेही पाहण्यासारखे आहे. राजधानीच्या ग्रहाचे कोरुसांट हे नाव झान यांच्या पुस्तकातून आले आणि पुढे चित्रपटांनी ते स्वीकारले. थ्रॉन २०१६ मध्ये ‘रेबेल्स’ मालिकेत आणि २०२३ मध्ये ‘असोका’ मालिकेत अवतरला, आणि २०१७ पासून त्याच्यावरच्या नव्या, अधिकृत कादंबऱ्या स्वतः झान यांनीच लिहिल्या. सम्राटाचे मरणातून परत येणे १९९१च्या ‘डार्क एम्पायर’ या चित्रकथेत घडून गेले होते, ते २०१९च्या चित्रपटात पुन्हा घडले. हान-लेयाचा मुलगा अंधाराकडे जातो, हेही कादंबऱ्यांच्या वाचकांना नवे नव्हते.

नव्या अधिकृत पुस्तकांना मी कमी लेखत नाही. क्लॉडिया ग्रे यांची ‘ब्लडलाइन’ ही २०१६ची कादंबरी लेयाच्या संसदेतल्या वर्षांबद्दल आहे. खलनायक व्हेडर हा आपला जन्मदाता असल्याचे तिचे गुपित भर सभागृहात उघड होते तो प्रसंग वाचल्यावर नव्या चित्रपटांतली लेया इतकी एकाकी का आहे, हे अधिक चांगले उमगते. त्यांचीच ‘लॉस्ट स्टार्स’ ही एकाच ग्रहावरच्या, पुढे युद्धाच्या दोन बाजूंना गेलेल्या दोन मित्रांची कथा तरुण वाचकांसाठी लिहिलेली असली तरी मोठ्यांनीही वाचावी अशी आहे.

आता क्रमाबद्दल. कथेतील कालक्रमाने वाचण्याचा मोह टाळावा, कारण मग हजारो वर्षे आधीच्या जेडाय योद्ध्यांपासून सुरुवात करावी लागते आणि ओळखीची पात्रे येईपर्यंत उत्साह संपतो. आधी झान यांची ‘एअर टू द एम्पायर’, ‘डार्क फोर्स रायझिंग’ आणि ‘द लास्ट कमांड’ ही त्रयी सलग वाचावी, मग ‘एक्स-विंग’ची पहिली चार पुस्तके. चित्रपटाचे कादंबरीरूप कसे असावे हे पाहायचे असेल, तर स्टोव्हर यांनीच २००५ मध्ये लिहिलेली ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ घ्यावी. अ‍ॅनाकिन, म्हणजे पुढचा व्हेडर, का ढासळतो, हे पडद्यावर घाईने उरकले गेले आहे असे आपल्याला वाटले असेल, तर तेथे ते सावकाश, त्याच्या मनात शिरून वाचायला मिळेल. ही पुस्तके मिळवणे आता कठीण नाही, कारण २०२१ पासून जुन्या कादंबऱ्यांपैकी निवडक पुस्तके नव्या मुखपृष्ठांसह पुन्हा छापली जात आहेत. ‘ट्रेटर’ मात्र थेट हाती घेऊ नये. तिच्या आधी निदान ‘व्हेक्टर प्राइम’ आणि ट्रॉय डेनिंग यांची ‘स्टार बाय स्टार’ ही दोन पुस्तके वाचलेली असावीत, म्हणजे जेसन त्या कैदेत कसा पोहोचला आणि तोवर त्याने कोणाला गमावले आहे, हे आपल्याला ठाऊक असेल.