पीएलसीच्या इथरनेट मॉड्यूलमधले एरर काउंटर लॅडरमधून कसे वाचायचे आणि त्यांचा अर्थ काय?

तुमचं रिमोट आयओ (पीएलसीपासून, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरपासून, लांब बसवलेले इनपुट-आउटपुट) दिवसातून दोन-तीनदा क्षणभर तुटतं, ईएन२टी या इथरनेट मॉड्यूलच्या वेब पेजवर एफसीएस एरर (वाटेत बिघडलेल्या, तपासणीत न जुळलेल्या फ्रेम) १,८४२ दिसतात, आणि हा आकडा वाईट आहे का, प्रोग्राममध्ये कसा आणायचा, असं तुम्ही विचारलं आहे.

नुसत्या १,८४२ वरून काही ठरत नाही. मॉड्यूल चालू झाल्यापासूनची ती बेरीज आहे. सहा महिन्यांत थोडे थोडे साठले असतील तर त्यांनी कनेक्शन तुटणार नाही: आरपीआय (दर किती वेळाने पॅकेट पाठवायचं ते) ५० मिलिसेकंद आणि टाइमआउट मल्टिप्लायर (त्याच्या किती पट वाट पाहायची) ४ धरला, तर २०० मिलिसेकंद एकही चांगलं पॅकेट आलं नाही तरच कनेक्शन पडतं. म्हणून शोधायचा तो एरर झुंडीने आल्याचा क्षण, आणि त्यासाठी काउंटर वेळेसकट नोंदवावे लागतात.

मेसेज इन्स्ट्रक्शन घ्या, प्रकार ‘सीआयपी जेनेरिक’ (सीआयपी म्हणजे ही उपकरणं आपसात बोलतात तो प्रोटोकॉल), सर्व्हिस ‘गेट अॅट्रिब्यूट सिंगल’. क्लास एफ६ (हेक्स), म्हणजे इथरनेट लिंक ऑब्जेक्ट. इन्स्टन्स १ म्हणजे पहिला पोर्ट. दोन पोर्टच्या अॅडॅप्टरला (रिमोट आयओच्या टोकाचं इथरनेट मॉड्यूल) दुसऱ्यासाठी २. अॅट्रिब्यूट ५ वाचलं की मीडिया काउंटर येतात, १२ डिंट (३२ बिटांचे पूर्णांक), म्हणून डेस्टिनेशनला डिंट[१२] चा अॅरे द्या. बाइट उलटसुलट करण्याची गरज नाही. पाथ ‘ब्राउझ’ करून आयओ ट्रीमधलं मॉड्यूल निवडा. लांबच्या अॅडॅप्टरसाठी असाच दुसरा मेसेज लावा, पण पहिल्याचा डीएन (काम पूर्ण) बिट आल्यावरच तो सुटू द्या. १० सेकंदांनी एकदा वाचणं पुरे. एरर कोड १४ (हेक्स) आला तर त्या उपकरणात हे अॅट्रिब्यूटच नाही. मग अॅट्रिब्यूट ४ वाचा. त्यात ११ डिंट असतात, आणि पाचवा, म्हणजे [४], ‘इन एरर्स’.

मीडिया अॅरेमध्ये [०] अलाइनमेंट (पूर्ण बाइटवर न संपलेल्या खराब फ्रेम), [१] एफसीएस, [६] लेट कोलिजन (फ्रेम पाठवताना उशिरा झालेली टक्कर). दर वेळी आधीची किंमत वजा करा. फरक शून्याहून जास्त असेल तर वॉलक्लॉकची (कंट्रोलरच्या घड्याळाची) वेळ घालून ओळ साठवा. मॉड्यूलची पॉवर गेली की काउंटर शून्यावर येतात आणि फरक उणे दिसतो, ती नोंद सोडून द्या. अॅट्रिब्यूट ४ मधले बाइट मोजणारे आकडे मात्र पॉवर न जाताही उणे दिसतात, कारण काउंटर ३२ बिटांचा बिनचिन्ह आणि डिंट चिन्हासह. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरलेली असेल तर तो पावणेसहा मिनिटांत फिरून शून्यावर येतो. वाचून लगेच शून्य करणारी सर्व्हिसही आहे (४सी हेक्स), पण ती वापरू नका. दुसरं कोणी तेच काउंटर बघत असेल तर त्याचा हिशोब बिघडतो.

केबलला हात लावण्याआधी अॅट्रिब्यूट २ वाचा, एकच डिंट. बिट ० म्हणजे लिंक, बिट १ म्हणजे फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं; हाफमध्ये एका वेळी एकच), आणि बिट २ ते ४ मध्ये निगोशिएशनचा, म्हणजे दोन टोकांनी वेग आणि डुप्लेक्स आपोआप ठरवण्याचा, निकाल. तिथे ३ असेल तर ठीक. २ असेल तर वेग कळला पण डुप्लेक्स जुळला नाही, आणि पोर्ट हाफवर बसला आहे. बहुतेक वेळा कुणीतरी स्विचचा पोर्ट १०० फुलवर हाताने पक्का केलेला असतो आणि मॉड्यूल ऑटोवर असतं. मग हाफच्या बाजूला लेट कोलिजन चढतात, फुलच्या बाजूला एफसीएस. हे दिसलं तर केबल बदलून उपयोग नाही; दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा, किंवा दोन्ही पक्की करा.

डुप्लेक्स बरोबर असून एफसीएस झुंडीने वाढत असतील तर बिघाड त्या पोर्टपर्यंत येणाऱ्या शेवटच्या तुकड्यातच शोधा. साधा स्विच खराब फ्रेम पुढे पाठवत नाही, तिथेच टाकतो. अपवाद रिंगमधल्या दोन पोर्टच्या उपकरणांचा. त्यांच्यातला कट-थ्रू स्विच तपासणी पूर्ण होण्याआधीच फ्रेम पुढे ढकलतो, म्हणून एका ठिकाणचा बिघाड पुढच्या उपकरणांतही मोजला जातो. तिथे ओळीने सगळ्यांचे काउंटर वाचून वाढ कुठून सुरू होते ते पाहा.

नोंदीतली वेळ मोठी मोटर किंवा ड्राइव्ह सुरू होण्याच्या वेळेशी जुळते का पाहा. जुळत असेल तर ड्राइव्हच्या आउटपुट केबलपासून इथरनेट केबल दूर न्या आणि शील्डची अर्थिंग तपासा. जुळत नसेल तर हलणाऱ्या भागावरची केबल आणि आरजे४५ चा क्रिंप आधी बघा. आणि कनेक्शन तुटलं त्या मिनिटाला एकाही काउंटरमध्ये वाढ नसेल, तर अॅडॅप्टरचा २४ व्होल्ट सप्लाय मोजा.